पस्तीस पूर्णांक पाच आणि फागूजींचं माप

फागूजी हटवार यांचं नाव सगळ्यात आधी लिहितो, म्हणजे पुढे गप्पांच्या भरात राहून गेलं असं व्हायला नको. एकोडीच्या आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. त्यासाठी झिजलेले आईवडील होते, शाळेतले गुरुजी होते, कॉलेजातले प्राध्यापक होते. त्या सगळ्यांचे उपकार आहेतच. पण रसायनशास्त्राचा शिक्षक म्हणून मी एकतीस वर्षं फळ्यासमोर उभा राहू शकलो, तो फागूजींमुळे. फागूजी आमच्या प्रयोगशाळेत पाणी भरायचे आणि काचेच्या नळ्या धुवायचे.

सत्तरच्या दशकात दहावीनंतरची दोन वर्षं शाळांना जोडली गेली, तेव्हा मोहाडीकडच्या एका गावातल्या शाळेत अकरावी सायन्सचा वर्ग निघाला. मी बी.एस्सी. होतो, तेही दुसऱ्या वर्गात. नोकरी कच्ची होती आणि वर्गाची मान्यताही कच्ची. दरवर्षी तपासणी व्हायची आणि मान्यता वर्षभरासाठी वाढवून मिळायची. प्रयोगशाळा म्हणजे जुन्या कोठीची खोली. तिच्यात एक लांब टेबल, एक मोरी, तीन कपाटं आणि काचेच्या पेटीतला एक नाजूक तराजू. त्याची वजनं चिमट्यानं उचलायची, कारण बोटाच्या घामानंसुद्धा फरक पडतो. मुलांना मी सांगायचो, "याच्यासमोर श्वाससुद्धा जपून घ्या." शाळेत कोणी पाहुणा आला की हेडमास्तर त्याला आधी हा तराजू दाखवायचे, मग शाळा.

गिऱ्हाइकं म्हणावीत अशी माणसंही तिथं यायची. कोणी खताचं पुडकं घेऊन यायचा, "सर, यात मीठ तं नाई मिसळलं? बघून सांगा न." कोणी विहिरीचं पाणी बाटलीत आणायचा. एका मुलाचे वडील आठवडी बाजारातून सरळ खोलीत आले आणि म्हणाले, "आमचा पोरगा अणू अणू करून राहिला. एखांदा दाखवा बरं मले." दाखवता येत नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की अजून आठवलं तरी हसू येतं. मग जाताजाता म्हणाले, "असू द्या. तुमचाबी इलाज नाई."

फागूजी सिहोऱ्याचे, पन्नाशीचे, उंच आणि हडकुळे. घराणं मापाऱ्याचं. खळ्यावर धान तयार झालं, की लाकडी मापानं ते मोजून द्यायचं, हा त्यांच्या घरचा पिढीजात धंदा. नंतर धान काट्यावर जाऊ लागलं, मापाऱ्याला कोणी बोलावेना. शाळेच्या गावात त्यांची बहीण दिलेली होती. तिच्या आसऱ्यानं ते आमच्याकडे रोजंदारीवर लागले. येताना एक लहान लाकडी माप सोबत आणलं होतं. घासून घासून त्याची कड काचेसारखी झाली होती. ते मोरीच्या फळीवर ठेवायचे आणि त्यात साबणाचा तुकडा ठेवायचे.

रोज संध्याकाळी धुतलेल्या नळ्या ते मोजत. मापाऱ्याच्या रिवाजाप्रमाणे पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नसतं, 'लाभ' म्हणायचं असतं. म्हणून नळ्याही "लाभ, दोन, तीन, चार" अशा मोजल्या जायच्या. मुलं फिदीफिदी हसायची. फागूजी थांबायचे, हसणं संपू द्यायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे, "लाभ..."

आम्लाच्या वाफेनं बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या खाल्ल्या जातात. मी त्या पुन्हा पुन्हा लिहून डकवायचो, इंग्रजीत. एक दिवस फागूजी म्हणाले, "गुरुजी, खाली एक चिठ्ठी आपल्या भाषेतबी लावा न जी. नाकानं किती दिवस ओळखू? परवा त्या एका बाटलीनं डोस्क्यात मुंग्या आणल्या."

ती अमोनियाची होती. मी घाबरलो आणि त्याच दिवशी मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या लिहिल्या: मीठ, चुना, तुरटी, गंधक, मोरचूद, नवसागर. फागूजी शाळेची पायरी कधी चढले नव्हते. पण बाटली हातात धरायची, आत काय आहे ते माहीत असायचं, आणि वरचं अक्षर बघायचं, असं करत वर्षभरात ते वाचायला शिकले. 'मीठ' मधला 'म' त्यांना 'मोरचूद' वर पुन्हा भेटला, तेव्हा त्यांनी मला वर्गातून हाक मारून बाहेर बोलावलं होतं. "गुरुजी, हा तोच हाये न?"

आता धड्याकडे येतो. ज्यांचा रसायनशास्त्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी साध्या शब्दांत सांगतो. प्रत्येक मूलद्रव्याचा एक अणुभार असतो, म्हणजे त्याचा अणू किती जड ते सांगणारा आकडा. क्लोरिनचा अणुभार पुस्तकात पस्तीस पूर्णांक पाच दिला आहे. कॉलेजात मी तो पाठ केला होता, आणि मुलांकडूनही पाठच करून घेत होतो. पण सुमन नावाची एक मुलगी उभी राहिली. वर्गात मुली तीनच होत्या आणि प्रश्न विचारणारी ही एकटी.

"सर, अणू तं अर्धा होत नाई म्हणता. मग साडेपस्तीसचा अणू असते कसा?"

खरं उत्तर असं आहे की तसा अणू नसतोच. क्लोरिनचे अणू दोन वजनांचे असतात. काही पस्तीसचे, काही सदतीसचे. त्यांना समस्थानिकं म्हणतात. बाहेरून दोन्ही सारखे, वागणूक सारखी, फक्त आतला भार कमीजास्त. पुस्तकातला आकडा ही त्यांची सरासरी. एवढं सांगितल्यावर सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "मग छत्तीस पाहिजे!" पस्तीस आणि सदतीसच्या मधोमध छत्तीस. नोकरीच्या शेवटच्या वर्षापर्यंत दर वर्गात हे छत्तीस मला भेटत राहिलं. चूक इथं होते: दोन्ही प्रकारचे अणू सारख्या संख्येनं नसतात. चार अणू घेतले तर साधारण तीन पस्तीसचे आणि एकच सदतीसचा. तीन पस्तीस एकशे पाच, त्यात सदतीस मिळवले की एकशे बेचाळीस. त्याला चारानं भागलं की साडेपस्तीस.

गणित फळ्यावर सुटलं, पण मुलांच्या तोंडावर उजेड दिसेना. मी चिंचोके आणि खडे आणले. सुमन म्हणाली, "हे तं येगयेगळे दिसतात, सर. तुम्ही तं म्हणता बाहेरून सारखे." तिचं बरोबर होतं. बाहेरून सारखं आणि आत हलकंभारी असं काय आणायचं? मी टेबलाशी विचार करत बसलो होतो. मोरीवरून फागूजी बोलले.

"गुरुजी, धान घ्या न जी. भरला दाणा अन् पोचट दाणा. वरचं फोतर सारखंच असते. हातात घेतल्यावाचून कोणाले समजते?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. खळ्यावर वाढलेला मी, आणि मला हे सुचलं नव्हतं. फागूजींना त्याचं काही विशेष वाटलं नाही. पुढच्या वेळी सिहोऱ्याहून येताना त्यांनी दोन पुरचुंड्या आणल्या. दारात सुपानं उपणून दाखवलं. वाऱ्यानं भरला दाणा जवळ पडला, पोचट लांब गेला. माझ्या पुस्तकात मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या यंत्राची आकृती होती; हलके आणि जड अणू वेगळे करून मोजणारं यंत्र. तेही हेच करतं. जो हलका, तो जास्त वळतो. ती आकृती मी दोन वर्षं फळ्यावर नुसती काढत होतो. त्या दिवशी ती मला समजली.

तेवढ्यात तपासणीचं पत्र आलं. तीन साहेब येणार, एक पाठ बघणार. त्यावर अकरावी सायन्सची मान्यता आणि माझी नोकरी पक्की होणं, दोन्ही अवलंबून. हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावलं. "गुरुजी, वर्ग गेला तर या पोरी शिकायला तुमसरला जाणार नाहीत, घरीच बसतील. आणि तुम्ही एकोडीला धान लावाल. तेव्हा जरा बघून."

मी धानाचाच पाठ ठरवला. तपासणीच्या सकाळी टेबल मांडलं. फागूजींनी दोन पुरचुंड्या ठेवल्या आणि शेजारी आपलं लाकडी माप, साबण काढून, धुऊन, पुसून ठेवलं. मी ते उचललं आणि टेबलाखाली सरकवलं.

"काहून जी?"

"साहेब येणार आहेत, फागूजी. विज्ञानाचा तास आहे. तराजू आहे ना."

ते मोरीकडे गेले.

पाठ चांगला सुरू झाला. मागच्या बाकावर तीन साहेब, दारात हेडमास्तर. मुलांनी शंभर भरले दाणे तोलले: अडीच ग्रॅम. शंभर पोचट: अर्धा ग्रॅम. मग मी फळ्यावर लिहिलं की तीन भाग भरले, एक भाग पोचट, तर मिश्रणातले शंभर दाणे किती भरतील? सुमननं लगेच सांगितलं, "अडीच त्रिक साडेसात, अन् अर्धा, आठ. आठ भागिले चार. दोन ग्रॅम, सर."

"आता ताडून पाहू," मी ऐटीत म्हणालो. तराजूवर तीस ग्रॅम भरलं धान घेतलं, दहा ग्रॅम पोचट घेतलं, ताटात कालवलं. सुमननं न बघता शंभर दाणे वेचले आणि पारड्यात टाकले. मी चिमट्यानं वजनं ठेवत गेलो. काटा स्थिर झाला. सव्वा ग्रॅम.

पुन्हा शंभर वेचले. पुन्हा सव्वा ग्रॅमच्या आसपास. मधले साहेब चष्मा पुसत म्हणाले, "काय झालं, सर? नियम बदलला का?" मुलं खाली बघत होती. मी फळ्यावरचं गणित पाहत होतो. ते तर बरोबर होतं.

मोरीकडून आवाज आला. "गुरुजी, पोचट जादा पडला जी."

"ए, चूप!" दारातून हेडमास्तर.

"बोलू द्या त्यांना," साहेब म्हणाले.

फागूजी हात पुसत पुढे आले. ताटातलं मूठभर धान तळहातावर घेतलं. "चारात एक म्हणता न तुमी? हे पाहा न, चारात एक कुठं हाये? भरल्याहून पोचटच जादा लागून राहिला हाताले. चारात एक म्हणजे दाण्यानं जी, काट्यानं नाई. पोचटाचे दहा ग्राम जोखाले तं ढीग लागते." मग ते वाकले, टेबलाखालून आपलं माप काढलं. भरल्या धानाची तीन मापं ओतली. "लाभ. दोन. तीन." मग पोचटाचं एक, हातानं सपाट करून. "दाणा सारखा, तं जागाबी सारखीच लागते. मापानं घेतलं का दाण्यानं घेतलं, एकच."

सुमननं शंभर दाणे वेचले. दोन ग्रॅमला केसभर कमी.

त्या दिवसापासून मी कोणत्याही वर्गाला आधी हे विचारत आलो: टक्के कशाचे? अणूंच्या संख्येचे की वजनाचे? समस्थानिकांचं प्रमाण नेहमी संख्येचं असतं. पुस्तकात ते एका ओळीत लिहिलेलं असतं आणि ती ओळ कोणी वाचत नाही. मीही वाचली नव्हती. शिकलेला होतो, म्हणून मला काट्याचाच भरवसा होता.

साहेब मोकळेपणानं हसले. हेडमास्तरांना विचारलं, "हे कोण?"

"पाणी भरतो, साहेब. अडाणी आहे, माफ करा."

मग साहेब माझ्याकडे वळले. "पण धानाची कल्पना छान आहे. तुमची का?"

फागूजी माझ्यापासून दोन हातांवर उभे होते. मी म्हणालो, "हो सर."

शेरेबुकात साहेबांनी लिहिलं की शिक्षकानं स्थानिक साधनांतून स्वतःच्या कल्पनेनं उत्तम पाठ घेतला. वर्गाला मान्यता मिळाली, आणि महिन्याभरात माझी नोकरी पक्की होणार हेही कळलं. हेडमास्तरांनी पेढे वाटले. त्याच दुपारी त्यांनी फागूजींना सांगितलं, उद्यापासून येऊ नका, साहेबांसमोर तोंड उघडणारा माणूस शाळेला परवडत नाही. फागूजी गेले ते माप न घेताच गेले. बहिणीकडेही थांबले नाहीत, सिहोऱ्याला परतले. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं, आणि मी गप्प राहिलो. नोकरी पक्की झाल्याचा कागद हातात पडेपर्यंत गप्प राहू, असं मी स्वतःला सांगत होतो.

आठवडा झाला. मोरीत नळ्या साचल्या. सुमन तास संपल्यावर थांबली.

"सर, फागूजीबाबा काहून येत नाई?"

"मोठ्या सरांनी बंद केलं त्यांना."

"बोलले म्हणून?"

मी मान डोलावली.

"पण ते बोलले नसते तं आपला वर्गच गेला असता न, सर." मग ती म्हणाली, "तुमी सांगितलं असंल न मोठ्या सरांना, का ते त्यायचंच होतं म्हणून?"

तिनं टोमणा मारला नव्हता. मी सांगितलंच असेल, अशी तिची खात्री होती. मी सरळ हेडमास्तरांच्या खोलीत गेलो आणि उभ्याउभ्याच सांगितलं की धान फागूजींचं, चूक माझी, दुरुस्ती फागूजींची, आणि साहेबांना मी खोटं बोललो.

हेडमास्तरांनी पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "हे कोणाला सांगितलंत?"

"तुम्हालाच. साहेबांना पत्र टाकतो आहे."

"तुमचा कागद अजून यायचा आहे, गुरुजी."

"माहीत आहे."

"मान्यता गेली तर?"

"पाठ खरा होता, सर. फक्त नाव खोटं होतं."

ते माझ्यावर ओरडले नाहीत. म्हणाले, "लिहून द्या." मी लिहून दिलं. ते त्यांनी वाचलं, घडी करून खणात टाकलं. मग म्हणाले, "बोलवा त्याला. पण पुन्हा साहेब आले तर तो खोलीत दिसता कामा नये. एवढी माझी अट." माझी हिंमत तेवढ्यावर संपली होती. मी हो म्हणालो. आयुष्यातलं हे दुसरं 'हो', ज्याची मला आजही लाज वाटते.

साहेबांचं उत्तर कधी आलं नाही. मान्यता गेली नाही, माझा कागदही आला. आणि फागूजी आले. पुढे बारा वर्षं ते त्या खोलीत होते. दर हिवाळ्यात दोन पुरचुंड्या आणायचे, दर वर्षी अकरावीला धानाचा तास व्हायचा. मी आधी काट्यानं चुकवून दाखवायचो, मग ते मापानं सुधारायचे. मुलांना वाटायचं हे ठरवलेलं नाटक आहे. नंतर खरोखर तसंच झालं होतं. पण तपासणी आली की फागूजी कोणी न सांगता बाहेर पडायचे आणि शाळेच्या आवारातल्या पळसाखाली उभे राहायचे. खिडकीतून ते मला दिसायचे. एकदा मी म्हणालो, "फागूजी, आज आत थांबा, जे होईल ते होईल." तर म्हणाले, "राहू द्या जी. पळसाखाली हवा चांगली लागते." हे अवघड ओझं त्यांनी इतकं हलकं करून माझ्या हातात दिलं.

सुमन पुढे शिकली, एका गावात विज्ञान शिकवते. तिच्या वर्गातही धानाचा तास होतो, असं तिनं कळवलं आहे.

फागूजी वारल्यावर त्यांची मुलगी ते माप मला द्यायला आली. "बाबानं सांगून ठेवलं होतं, गुरुजीले द्या म्हणून." मापात साबण नव्हता. चार घड्या केलेलं माझंच पत्र होतं, अंतर्देशीय, घडीवर फाटलेलं, अक्षरं चिठ्ठ्यांवर काढायचो तशी मोठी. साहेबांना पत्र टाकलं त्याच दिवशी हेही सिहोऱ्याला टाकलं होतं. ते जसंच्या तसं उतरवतो.

"श्री. फागूजी यांना नमस्कार.

अक्षरं मोठी काढली आहेत, बाटलीवर काढतो तशी. हे पत्र कोणाकडून वाचून घेऊ नका. तुम्हाला येतं.

साहेबांनी विचारलं, कल्पना तुमची का. मी हो म्हणालो. ते खोटं होतं. धान तुमचं. माप तुमचं. चूक माझी. हे मी मोठ्या सरांना लिहून दिलं आहे. साहेबांनाही लिहिलं आहे.

तुम्ही परत या. साहेब येतील तेव्हा तुम्ही बाहेर थांबायचं, अशी मोठ्या सरांची अट आहे. मी ती मान्य केली. ती ऐकून यायचं नसेल तर मी समजेन.

माप टेबलावर ठेवलं आहे. वर ठेवलं आहे.

नळ्या मी धुतल्या. दोन फुटल्या. मोजायला सुमनला सांगितलं. पहिल्या नळीला ती लाभ म्हणाली. सगळा वर्ग बसला होता. कोणी हसलं नाही.

तुमचा,
नामदेव मास्तर"